हातात लोखंडी सळई

नऊ ऑगस्टला बॉयलरवाल्याने व्हिसा कार्यालयाच्या खिडकीत एकवीस हजार चारशे साठ रुपये भरले. फी कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही, असे काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. तरी आतल्या मुलीने ते तोंडीही सांगितले आणि वर सही घेतली. बॉयलरवाल्याला त्यात काही वावगे वाटले नाही. तो पैसे परत न्यायला आला नव्हता, परदेशी जायला आला होता.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरपुढे त्याची बावीस वर्षे गेली होती. रंगाच्या हौदांना वाफ लागते, आणि वाफ थांबली की सगळा कारखाना हातावर हात ठेवून बसतो. कामावर त्याला ‘प्रेशर’ म्हणत. कुणी “काय, कसं काय?” असे विचारले की तो आधी बॉयलरच्या वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहायचा आणि म्हणायचा, “सात किलो. बरं चाललंय.” बायको म्हणे, “माझी तब्येत यांनी कधी विचारावी असं वाटत असेल, तर मलाही एक काटा बसवून घ्यायला हवा.”

आता वर्षअखेर मालक गॅसवरचा नवा बॉयलर आणणार होता. आपोआप पेटणारा, आपोआप पाणी घेणारा. “त्याला माणूसच लागत नाही,” हे मालक अशा थाटात सांगे की जणू नव्या सुनेचे कौतुक चालले आहे. प्रेशरला त्याने सांगितले, “तू गेटवर बस. खुर्ची देतो, पंखा देतो.” प्रेशर घरी येऊन म्हणाला, “पंख्याचा वारा खायला कुठला परवाना लागतो? मी उगाच परीक्षा दिली.”

तेवढ्यात छोट्याचा फोन आला. छोट्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आता अडतीस वर्षांचा होता, पोट सुटले होते, पण घरात त्याचे नाव छोट्याच. नऊ वर्षांपूर्वी तो परदेशी गेला आणि तिथल्या इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या धुलाई कारखान्यात सुपरवायझर झाला. तिथे परवाना असलेला बॉयलरवाला हवा होता. छोट्याने शब्द टाकला, फोनवर मुलाखत झाली. तिथल्या इंजिनीयरने एकच प्रश्न नीट विचारला : आग चालू असताना बॉयलर सोडून जावे लागले तर काय कराल? “जाणार नाही,” प्रेशर म्हणाला. छोट्याने ते भाषांतर करून सांगितले आणि इंजिनीयर हसून ‘ठीक’ म्हणाला. नेमणुकीला वयाची, पंचेचाळीसच्या आतली, अट होती. प्रेशरला जानेवारीत पंचेचाळीस पुरी होत होती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

अर्जात एक प्रश्न होता : आपल्याला कधी अटक झाली आहे काय?

छोट्या फोनवर म्हणाला, “भावोजी, ‘नाही’वर खूण करा आणि पुढं जा. मीपण तेच केलं होतं.”

“तुला झाली नव्हती, छोट्या. मला झाली होती.”

“सोळा वर्षं झाली हो त्याला! कोण बघतंय?”

पण पोलिसांचा दाखला जोडायचाच होता, आणि दाखल्यावर जे असायचे ते येणारच होते. प्रेशरने ‘होय’वर खूण केली. काट्यावर सात असताना त्याने कधी सहा सांगितले नव्हते.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट अशी होती. तीन महिन्यांच्या जादा कामाचे पैसे थकले होते. एके सकाळी कामगार पहिल्या मजल्यावरच्या मॅनेजरच्या खोलीसमोर जमले. बोलाचाली झाली, मॅनेजर आत गेला आणि कुणीतरी बाहेरून दाराला कुलूप घातले. कुणीतरी म्हणजे छोट्याने. त्याला त्या कामावर प्रेशरनेच लावले होते, तो तेव्हा पॅकिंगमध्ये होता आणि बाविशीत जितकी अक्कल असते तितकी त्याला होती. कुलूप लावून किल्ली त्याने खिशात टाकली आणि मोठ्याने हसला. हे खाली बॉयलरवर असलेल्या प्रेशरला त्याने स्वतःच येऊन सांगितले, शाबासकीच्या अपेक्षेने. “मूर्खा, उघड ते,” प्रेशर म्हणाला. छोट्याने उघडले नाही.

मॅनेजर नऊ तास आत होता. त्याला साखरेचा आजार होता. दुपारी तो खिडकीत येऊन पाणी मागू लागला. खाली उभे असलेले लोक म्हणाले, “आमचे पैसे टाका, पाणी देतो.” प्रेशरने आग ओढायची आपली लांब लोखंडी सळई आणली, टोकाला पाण्याची बाटली बांधली आणि ती खिडकीपर्यंत उंच धरली. लोकांनी त्याला चमचा म्हटले. तो बॉयलरवर परत गेला.

संध्याकाळी पोलिसांची गाडी आली आणि मागच्या भिंतीवरून माणसे पोत्यांसारखी पलीकडे पडू लागली. छोट्या पहिल्यांत होता. “भावोजी, चला!” तो ओरडला. पण भट्टीत लाकूड भरलेले होते आणि काटा सातवर होता. अशा वेळी बॉयलर सोडला, पाणी उतरले, तर नळ्या जळतात. त्याहून वाईटही होऊ शकते. प्रेशर आग ओढत राहिला. पोलिसाने त्याची मानगूट धरली तेव्हा तो म्हणाला, “साहेब, एवढी आग बाहेर काढतो, मग चला कुठं चलायचं ते.” पोलिसाला ते उर्मट वाटले. पंचनाम्यात आले : हातात लोखंडी सळई.

दुसऱ्या दिवशी कोर्टात युनियनच्या वकिलाला घरी जायची घाई होती. “कबूल करून टाका. दोनशे रुपये दंड होईल, युनियन भरेल, रात्री जेवायला घरी. लढायचं म्हटलं तर तारखा पडतील, प्रत्येक तारखेला रोज बुडेल.” तिघे पकडले गेले होते. तिघांनी कबूल केले. आपण नेमके काय कबूल केले हे त्यांच्यापैकी एकानेही विचारले नाही. रात्री प्रेशर खरेच जेवायला घरी होता.

तर पोलिसांच्या दाखल्यावर आले : बेकायदा जमाव, हत्यार बाळगून, दोषी.

व्हिसा कार्यालयातला अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, “दोनशे रुपये दंडाची जुनी प्रकरणं आम्ही फार ताणत नाही. पण इथं हत्यार लिहिलंय.”

“साहेब, ती आग ओढायची सळई होती. बॉयलरवर ती असतेच. सुताराच्या हातात करवत असावी तशी.”

“मला पटतंय. पण मला पटून चालत नाही. कोर्टाचे मूळ कागद आणा.”

कोर्टात जुन्या कागदांची खोली होती, पण दहा वर्षांवरची किरकोळ प्रकरणे नष्ट केलेली होती. कारकून म्हणाला, “मोठा गुन्हा असता तर कागद जपून ठेवले असते.” हे त्याने सांत्वन म्हणून सांगितले.

मग एकच वाट उरली. ज्याने फिर्याद दिली होती त्याने लेखी द्यायचे, की या माणसाने मला काही केले नाही आणि त्याच्या हातातली वस्तू कामाचे अवजार होती. अधिकारी म्हणाला, “तेवढं आणलंत तर मी अनुकूल शेरा मारीन.” प्रेशरला महिनाभराची मुदत मिळाली.

मॅनेजर निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. तो एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होता, गुडघे गेले होते आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून तो फारसा उठत नव्हता. प्रेशरने दारातून नमस्कार केला तेव्हा त्याने चष्मा वर केला.

“प्रेशर ना तू? ये. सात किलो?”

“सात किलो, साहेब.”

दोघे हसले. मॅनेजरच्या बायकोने चहा आणला. प्रेशरने सगळे सांगितले. मॅनेजर मान हलवत ऐकत होता.

“सळई,” तो म्हणाला. “अरे, त्या सळईला बाटली बांधून तूच मला पाणी दिलंस. नाहीतर मी गेलोच असतो. तिला हत्यार लिहिलं? गाढव लेकाचे. आण टाइप करून, सही करतो.”

प्रेशर उठला, तेव्हा मॅनेजर म्हणाला, “बस. एक गोष्ट मला सांग. कुलूप कुणी लावलं होतं?”

प्रेशर बसला.

“मला आता कुणावर काही करायचं नाहीये,” मॅनेजर म्हणाला. “या गुडघ्यांनी कुठं पळत जाणार मी? पण नऊ तास, प्रेशर. साखरेच्या माणसाला नऊ तास. आत मोरी नाही, काही नाही. कागदाच्या टोपलीत करावं लागलं मला. पोलिसांनी दार उघडलं तेव्हा सगळ्यांनी ती टोपली पाहिली. नंतर सहा वर्षं होतो मी तिथं. पाठीमागं मला काय म्हणायचे तुम्ही लोक?”

प्रेशर खाली बघत राहिला. ‘टोपली साहेब’ म्हणत. तोही एकदोनदा म्हणाला होता.

“कुलूप लावून तो हसला. तेवढं हसणं माझ्या कानात आहे. बत्तीस वर्षं नोकरी केली, पण लक्षात तेवढंच राहिलंय. नाव हवंय मला. रविवारी ये, कागद आण, नाव सांग.”

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याच त्या शर्टाची घडी तिने तीनदा मोडली.

“मग काय ठरवलंत?”

“तुला विचारतोय.”

“मला काय विचारता? तो माझा भाऊ आहे आणि तुम्ही माझे नवरे आहात. मी कोणत्या बाजूनं बोलले तरी जन्मभर ऐकून घेणार मीच.” थोड्या वेळाने म्हणाली, “म्हाताऱ्याला नाव कळलं तर तो काय करेल?”

“काही नाही म्हणतो.”

“काही करायचं नसेल तर नाव कशाला हवंय?”

याचे उत्तर प्रेशरकडे होते, पण टोपलीची गोष्ट बायकोला सांगायला त्याची जीभ रेटेना. शेवटी त्याने छोट्याला फोन लावला.

“छोट्या, तूच साहेबांना फोन कर. म्हण, चुकलं, लहान होतो. म्हातारा माणूस आहे, विरघळेल. मला कागद मिळेल.”

पलीकडे छोट्या कुणाशी तरी तिथल्या भाषेत बोलला, दार लागल्याचा आवाज आला.

“भावोजी, तुम्हाला वेड लागलंय का? माझे कायम राहण्याचे कागद लागलेत इथं. नऊ वर्षं घासलीय मी. तिकडून कुणी एक चिठ्ठी पाठवली, की याला विचारा कोंडून घालायच्या भानगडीचं, तर मी पोराबाळांसकट परत.”

“तो चिठ्ठी पाठवणार नाही.”

“तुम्ही लिहून देता?”

प्रेशरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐका,” छोट्याचा आवाज मऊ झाला. “नावच हवंय ना त्याला? मग दुसरं द्या. तो वेल्डर होता बघा, टकलू. तो गेला ना मागच्या वर्षी? त्याचं सांगा. मेलेल्या माणसाला कुठला व्हिसा काढायचाय?”

“लाज वाटत नाही तुला?”

“वाटते हो. पण नोकरी तुम्हाला हवीय ना? मी इथं तुमच्यासाठी शब्द खर्च केलाय. ताईला द्या जरा.”

बायकोने फोन घेतला, आत गेली, बराच वेळ नुसती “हं, हं” करत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, “टकलूला पुढंमागं कुणी नाही. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही.” आणि स्वयंपाकाला लागली.

प्रेशरने तीन दिवस विचार केला. टकलू त्याच्याबरोबर बॉयलरच्या नळ्या जोडायचा. शिवराळ होता, दिलदार होता. प्रेशरने मनाशी हिशेब मांडला : साहेबाला नाव मिळेल, छोट्या वाचेल, बायकोचे माहेर वाचेल, मला काम मिळेल, आणि टकलूचे काय जाणार आहे? टकलू असता तर म्हणाला असता, “घाल रे खुशाल माझ्यावर, भडव्या, पण तिकडून बाटली पाठव.” हे त्याला इतके हुबेहूब ऐकू आले की त्याने त्यालाच टकलूची परवानगी मानले.

रविवारी तो टाइप केलेला कागद घेऊन गेला. मॅनेजरने दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. शेजारच्या स्टुलावर पेन तयार होते. कागद त्याने दोनदा वाचला, एके ठिकाणी स्वल्पविराम घातला.

“छान आहे. बोल आता.”

“वेल्डर होता, साहेब,” प्रेशर म्हणाला. “टकलू. मागच्या वर्षी वारला.”

मॅनेजर त्याच्याकडे बघत राहिला. राग नव्हता. त्याने पेनाचे टोपण लावले.

“त्या दिवशी तुझ्या बॉयलरचा पाण्याचा पंप कसा चालला होता?”

“म्हणजे, साहेब?”

“शाफ्ट तुटला होता ना? तूच माझ्या डोक्यावर बसला होतास दोन दिवस. आज शाफ्ट आला नाही तर बॉयलर पेटवणार नाही म्हणालास. तुला जुन्या पंपावर कसंबसं चालवायला लावलं मी, आणि पहाटेच्या गाडीनं वेल्डरला शाफ्ट आणायला पाठवलं. त्याच्या प्रवासाच्या पैशावर मी सही केली होती. तो दोन दिवसांनी आला.”

प्रेशरला सगळे आठवले. जुना पंप, त्याचा तो दम लागल्यासारखा आवाज, त्या पंपावर भरवसा नव्हता म्हणूनच तर तो बॉयलर सोडून हलला नव्हता. दोन दिवसांनी टकलू शाफ्ट खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला होता, “मी दोन दिवस नव्हतो तर तुम्ही तुरुंगात जाऊन आलात? माझ्यासाठी थांबायचं होतं की.”

“साहेब...” तो म्हणाला.

“तू कधी खोटं बोलत नाहीस असं मी आत्तापर्यंत धरून चाललो होतो. या कागदात मी हेच लिहून देणार होतो, की हा माणूस विश्वासाचा आहे. आता कसं लिहू?” मॅनेजरने कागद परत त्याच्या हातात दिला. “मेलेल्या माणसाचं नाव सांगतोस म्हणजे जिवंत माणूस घरचाच असणार. मेहुणा होता ना रे तुझा पॅकिंगला?”

प्रेशरने कागदाची घडी घातली. गप्प राहण्यानेही आता काही झाकले जात नव्हते.

“जा,” मॅनेजर म्हणाला आणि खिडकीकडे तोंड केले.

दाराशी मॅनेजरची बायको चपला सरळ करत होती. हळू आवाजात म्हणाली, “शुक्रवारपासून पेन शोधून ठेवलं होतं यांनी. शाई उमटते का बघायला चार वेळा सही करून पाहिली.” ती रागावून म्हणाली की वाईट वाटून, हे त्याला ओळखता आले नाही. नुसते ‘सांगणार नाही’ म्हटले असते तर म्हाताऱ्याने सही केली असती का, हा प्रश्न तिन्ही मजले त्याच्याबरोबर उतरला. पुढेही तो बरेच दिवस डोक्यात राहिला. परत जाऊन विचारण्याजोगा तो प्रश्न नव्हता.

मुदत संपली. प्रेशरने स्वतःच्या अक्षरात खुलासा लिहून दिला. सळई किती लांब असते, तिने आग कशी ओढतात, हे आकृती काढून दाखवले. अधिकाऱ्याने तो कागद फाइलला लावला. ऑक्टोबरात उत्तर आले, दोन ओळींचे : अर्जदाराच्या वर्तनाविषयी समाधान झाले नाही, अर्ज नामंजूर.

छोट्याने फोनवर “अरेरे” म्हटले आणि लगेच विचारले, “म्हातारा काही बोलला का माझ्याबद्दल?”

“नाही.”

“नक्की ना?”

“नक्की.” मॅनेजरने ओळखले होते, हे प्रेशरने त्याला सांगितले नाही. चांगुलपणाने नव्हे, छोट्याने निश्चिंत होऊन त्याचे आभार मानावेत आणि ते आभार आपण ऐकावेत, असे त्याला त्या क्षणी वाटले. छोट्याने आभार मानले नाहीत. म्हणाला, “जाऊ द्या, नशीब असतं एकेकाचं.”

ती जागा छोट्याने दुसऱ्या एकाला मिळवून दिली. तो जुन्या कारखान्यातलाच होता, रंगाच्या खात्यातला. त्या संध्याकाळी छोट्याच्या मागोमाग भिंतीवरून उडी मारलेला. त्याचा पोलिसांचा दाखला कोरा आला. बॉयलरचा परवाना त्याच्याकडे नव्हता, पण तिथल्या इंजिनीयरने सांगितले, सहा महिन्यांत शिकवून घेऊ.

डिसेंबरात नवा बॉयलर बसला. जुना कापून भंगारात दिला. कापणारा नवा वेल्डर होता. प्रेशर गेटवर बसू लागला. खुर्ची मिळाली, पंखा उन्हाळ्यात देऊ म्हणाले. येणारेजाणारे सवयीने विचारत, “काय प्रेशर, सात किलो?” तो गाडीचा नंबर वहीत लिहीत राही. पोरांना वाटले, ऐकायला कमी येते.

बायकोशी त्याचे भांडण झाले नाही. तिने भावाचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायची सवय लावून घेतली, आणि त्याने ती आत येईपर्यंत जेवायला थांबायची.

फेब्रुवारीत छोट्याने बहिणीला सांगितले की भावोजींसाठी त्याने तिथे आधीच कामाचे बूट घेऊन ठेवले होते, बोटांवर लोखंडी टोपी असलेले, आठ नंबरचे. सवलतीत घेतल्यामुळे दुकान परत घेत नाही. नव्या माणसाच्या पायाला ते होत नाहीत. मागायचे म्हणून नाही, पण तिकडेही पैसे झाडाला लागत नाहीत. बुटांचे तेवीसशे रुपये होत होते. प्रेशरने ते बूट पाहिलेले नाहीत. त्याने मार्चच्या पगारातून पंधराशे पाठवले.

आठशे द्यायचे आहेत.